शिसं थिजू न देण्याचं काम

ज्या कामाला फार वेळ लागतो ते महान असतं, आणि जे कधीच संपत नाही त्याला राष्ट्रीय म्हणतात. उरल पर्वताआडच्या एका संशोधन संस्थेतली अणुभट्टी सदतीस वर्षं राष्ट्रीय होती. तिचे भाग कारखान्यात बनवायचे, रेल्वेने न्यायचे आणि हवे तिथे जोडले की वीज सुरू, अशी योजना. (पैकी भाग सुटे असण्याचा टप्पा पूर्ण झाला होता.) तिला थंड ठेवायला पाणी नव्हे, तर वितळलेलं शिसं आणि बिस्मथ. हे मिश्रण सव्वाशे अंशांखाली गेलं की नळ्यांतच दगड होतं. म्हणून चाचणीच्या नळ्या रात्रंदिवस विजेवर तापवाव्या लागत. वीज निर्माण करण्याची ही पूर्वतयारी एका खेड्याची वीज खात होती.

तापवण्याची जबाबदारी आग्लाया प्रोखोरोव्हनाकडे. चोवीस वर्षांत तिने धातू एकदाही थिजू दिला नव्हता. (संसाराबद्दल तिला असं म्हणता येत नसे.)

जानेवारीत मॉस्कोहून समिती निघाली: उपयोग दिसला नाही तर वीज तोडायची. त्याच आठवड्यात गावाला ऊब पुरवणारं बॉयलर-घर बंद पडलं. बाहेर उणे अडतीस. समितीचे अध्यक्ष लाव्हरेंती ओसिपोविच दालनात शिरले, तेव्हा नळ्यांभोवती एकेचाळीस माणसं, सत्तावीस जोड मोजे, दोन मांजरी आणि पातेलंभर पेल्मेनी, म्हणजे खिम्याचे उकडलेले मोदक, होते. (अणुइंधन अजून कागदावरच असल्याने धोका फक्त चटक्याचा.)

"बाई, ही प्रयोगशाळा आहे की धर्मशाळा?"

आग्लायाची नजर त्यांच्या पायांवर गेली. "लाव्हरेंती ओसिपोविच, आधी बूट काढा. ओले आहेत."

"मी विचारतोय, ही भट्टी वीज कधी देणार?"

"ते नाही सांगता येत. पण तुमची बोटं आत्ता वाचतील. पाय इकडे करा. त्या नळीला नको, पोळाल."

अध्यक्षांनी पाय शेकले. मग पेल्मेनी खाल्ले. मग परत शेकले. तिसऱ्या दिवशी अहवाल झाला: 'उष्णतेचं वहन समाधानकारक. सामाजिक उपयुक्तता अपेक्षेहून अधिक. बारा वर्षं मुदतवाढ.' सही करताना ते अनवाणी होते.

आग्लाया नळीआड जाऊन थोडं रडली, आणि तापमान बघून आली.

हसू नका. वजन उतरवायला घेतलेल्या तुमच्या चालायच्या यंत्रावर या क्षणी कुणाचा टॉवेल वाळतोय, ते बघून या. तिच्या नळ्या निदान चालू तरी होत्या.