तणसातला भात

“गुरुजी, विडीची ठिणगी जास्त गरम, का घंगाळभर ऊन पाणी?”

अख्खा वर्ग गार! मैत्रीण मंगलीनं कमळाशी पैज लावली होती, गुरुजींसमोर ‘विडी’ हा शब्द काढून दाखव! मधल्या सुट्टीत शाळेमागं गुरुजी काय ओढतात हे मूल नावाच्या त्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. गाव जाणतं हे मात्र गुरुजींना ठाऊक नव्हतं!

गुरुजी आधी खोकले, मग खुलले. “तापमान ठिणगीचं जास्त. पण उष्णता घंगाळात जास्त! ठिणगी चटका देऊन विझते. घंगाळ सगळ्यांना आंघोळ घालतं!”

कमळाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ठिणगी म्हणजे शेजारचा मुखरूकाका, क्षणात लाल आणि पोटात काही नाही. आणि घंगाळ म्हणजे आई! वरून शांत, पण एकदा तापली की संध्याकाळपर्यंत निवायची नाही.

त्या दिवसापासून नववीतली कमळा जमिनीवर चालेना.

तेवढ्यात चामोर्शीचे गुणवंतराव आपल्या पोरासाठी तिला बघायला यायचे ठरले. पसंत पडली की शाळा बंद, फाल्गुनात लग्न!

“भात करपव,” मंगलीनं सल्ला दिला. “पाहुणे उपाशी पळतीन!”

“करपव? मी? जिले उष्णता समजली तिच्या हातून भात करपन? असा भात करीन का पाहात राहाल!”

पौषातली सकाळ. थंडी अशी की कोंबडासुद्धा थरथरत आरवला. कमळानं अंगणातल्या चुलीवर मोठ्ठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात चढवला, खळखळ उकळी आली तशी घट्ट झाकण घातलं, चूल चक्क विझवली, आणि गंज उतरवून बैलांसाठी रचलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात खोल पुरला!

आई विहिरीवरून आली. “अवं कमळे! चूल काऊन इझवली?”

“गंजात उष्णता भरपूर हाये, आई. तणस तिले बाहेर जाऊ देत नाई. भात आपला आपणच शिजन!”

“भात आपला आपणच शिजला असता, त बायका कायले जन्माले आल्या असत्या?”

एवढ्यात पाहुण्यांची बैलबंडी दारात! गुणवंतराव कुडकुडत उतरले. कमळाच्या बाबांनी, लटारूभाऊंनी, बाज पुढं केली. पण पाहुणे थेट तणसाच्या ढिगाला पाठ लावून बसले.

“वा, लटारूभाऊ! तुमचं तणसबी पाहुण्याले ऊब देते!”

उबेनं त्यांचे डोळे मिटले. इकडं तणसातून वाफ निघाली आणि त्यांच्या फेट्याभोवती झुलू लागली. कुंपणावरून मुखरूकाकानं डोकावलं.

“आऽऽग! धावा रे! पाहुणा पेटला!”

गाव धावलं! पाण्यानं भरलेले गुंड आले, बादल्या आल्या, कोणी तर बैलांच्या पाण्याचं घमेलंच उचलून आणलं.

“अरे थांबा! मी पेटलो नाई!” पाहुणे ओरडले.

“पेटलेला माणूस असंच म्हणते! वता पाणी!” मुखरूकाका गरजला.

गंजावर पाणी पडलं नाही. सगळं पाहुण्यानं अडवलं! लटारूभाऊ कपाळाला हात लावून खाली बसले.

कमळानं मात्र शांतपणे तणस बाजूला केलं, गंज काढला, झाकण उचललं. भसकन वाफ! खाली मोगऱ्याच्या कळ्यांसारखा मोकळा भात!

मुखरूकाकाचा चेहरा विझलेल्या विडीसारखा झाला. आईची गोधडी पांघरून पाहुणे जेवायला बसले, ते ‘वाढ’ म्हणतच राहिले. शेवटी ढेकर देऊन म्हणाले, “पोरगी पसंत! असा भात येते त आता शाळा कायले?”

म्हणजे कमळाचं विज्ञान जिंकलं, आणि शाळा हरली? करपवला असता तर!

तेव्हा आई पदर सावरत म्हणाली, “पोरगं किती शिकलं जी?”

“चौथी... म्हणजे चौथीत दोनदा बसलं.”

 आईनं कमळाकडं बघितलं. घंगाळ तापलं होतं!

कमळा भात वाढायचा डाव हातात घेऊनच उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलं! मी मॅट्रिक होईन. पाहुण्याच्या पोरानंबी व्हावं, मंग लग्नाचं पाहू!” तेवढ्यात गोठ्यातल्या उपाशी बैलांनी तिच्याकडं रोखून बघितलं. “आन हे वलं तणस... हेबी मीच वाळवीन!”