बावीस भिंतींच्या मोजणीची हकीकत

॥ श्री ॥ प्रथम वंदन भूमीस, जी कोणी मोजीत नाही तोवर शांत असते. दुसरे वंदन वाचणारांस, ज्यांनी हकीकत अर्ध्यावर टाकोन उठो नये. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका राज्यातील एका लहान कसब्यात शलाकाबाई म्हणोन एक तरुण गृहिणी होत्या, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी., कडेवर आठ महिन्यांची कन्या जुई, आणि त्यांस सोजरबाईंनी एक गोष्ट बजावोन सांगितली होती ती त्यांनी हसण्यावारी नेली. सोजरबाई म्हणजे वसाहतीतील बाळे न्हाऊ घालणाऱ्या. तीस वर्षांत बावीसही घरांची पोरे त्यांनी पायांवर घेवोन रगडिली होती, आणि घरोघरच्या मागील अंगणात बसोन कोणाची भिंत कोठोन कोठे सरकली हे त्यांच्या डोळ्यांखालोन गेले होते. त्या दिवशी जुईस पालथी घालोन तेल लावीत असता त्या बोलल्या, "ताई, अर्ज करा, भांडा, काय करायचं ते करा. पण मोजणी मागू नगा." बाई म्हणाल्या, "अहो मावशी, मोजल्याशिवाय खरं-खोटं कळणार कसं?" "ज्याला कळायचं त्याला कळतंय की. तुमचं सासरं आप्पा, अध्यक्ष निकुंभ मास्तर, समदी शानी माणसं हायती. त्यांच्यासंगं गुमान बसून बोला." "मावशी, तोंडी बोललेलं कोणी पाळतं का? सगळं कागदावर आलेलं बरं." "बरं," म्हणोन सोजरबाईंनी पोर उताणे केले आणि विषय संपला.

प्रकरण ऐसे की, वसाहतीचे मधोमध एक मैदान होते. राज्याचे दप्तरी ते पन्नास गुंठे, नाव ओपन स्पेस. भोवताली बावीस घरे, सर्वांची पाठ मैदानाकडे. तेथे सायंकाळी पोरे क्रिकेट खेळत आणि निवृत्त मंडळी फेऱ्या मारीत आणि लग्नसराईत मांडव पडत. आणि कसब्याचे दुसरे टोकास, ओढ्याकाठी, पत्र्याच्या खोल्यांत चोवीस कुटुंबे राहात, त्यात सोजरबाईंचे कुटुंब म्हणजे त्या एकट्या. ओढ्यास पूर आला की त्यांची भांडी आधी तरंगत आणि मग माणसे उठत. म्हणोन नगरपालिकेने जाहीर केले की मैदानाचे वीस गुंठ्यांवर या चोवीस कुटुंबांस पक्की घरे बांधावी आणि तीस गुंठे मोकळे राखावे, आणि तिसांहून कमी मोकळे राहू नये ऐसा नियम, आणि कोणास हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. यादीत सोजरबाईंचे नाव बारावे.

मग वसाहतीत एकच कल्लोळ. वसाहतीचे अध्यक्ष दिगंबरराव निकुंभ, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी सभा भरविली आणि बोलते जाहाले, "आज वीस नेतील, उद्या सगळं नेतील! आपल्या नातवंडांनी खेळायचं कुठं, गच्चीवर?" शलाकाबाईंचे मन दोहोंकडे ओढले. घरे व्हावी हे त्यांस मनापासून वाटे. सोजरबाईंचा हात रोज लेकराचे अंगावरोन फिरे, त्या बाईंस कोरडी जमीन मिळो नये ऐसे कोण म्हणेल? परंतु स्वभाव काळजीचा. पोर झोपले तरी नाकाशी बोट धरोन श्वास पाहावयाचा. त्यांस रोज दिसे की ठेकेदार तिसाचे पंचवीस करील आणि पंचविसाचे वीस, आणि जुई चालू लागली की चेंडूमागे हमरस्त्यावर जाईल, जेथे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावोन धावतात. म्हणोन त्यांनी अर्ज लिहिला की घरे जरूर बांधावी, परंतु आधी सरकारी मोजणी करोन तीस गुंठे कायम राखावे. अर्ज ऐसा नामी जाहाला की बावीसही घरांनी सह्या ठोकल्या. निकुंभ मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासिले; मजकूर तपासिला नाही.

मग कार्तिकात मोजणीची स्वारी आली. भूमापक एक, हाती उंच काठी, काठीचे डोकीवर पांढरी तबकडी, तिचा संबंध थेट आकाशातील उपग्रहांशी. वसाहतीने चहा दिला, पोहे दिले, खुर्ची दिली. आणि ती काठी मैदानात उभी राहावी ती न राहता चालू लागली, आणि चालता चालता नलिनीताई खडके यांचे पापड वाळविण्याचे ओट्यावर चढली, आणि तेथोन निकुंभ मास्तरांचे मोटारीचे शेडमध्ये शिरली, आणि मोटारीचे मागील चाकाशी थांबली. मास्तर म्हणाले, "अहो, हे माझं आहे." भूमापक म्हणाला, "शेड तुमचंच आहे सर. जागा मैदानाची आहे." मग काठी शलाकाबाईंचे मागील दारी आली. सोजरबाई न्हाणीत बसोन जुईवर पाणी घालीत होत्या. भूमापकाने मान खाली घालोन सांगितले, "बाई, राग मानू नका. बाळ आंघोळ करतंय ती न्हाणी मैदानात येते." शलाकाबाईंचे हातातील पंचा खाली पडला.  सोजरबाईंनी पोराचे डोईवरोन शेवटचा तांब्या ओतला आणि पंचा मागितला.

हिशेब बाहेर आला तो येणेप्रमाणे: पन्नासातील अकरा गुंठे बावीस भिंतींच्या आत, कोणी आठ हात, कोणी दहा. उरले एकोणचाळीस. तीस मोकळे राखणे नियमाने प्राप्त, म्हणोन घरांस नऊ. नऊ गुंठ्यांत चोवीस घरे बसेनात. भिंती मागे घेतल्या तर मैदानही राहते आणि घरेही होतात. न घेतल्या तर घरे जातात. इतके सोपे की जुईसही उमगावे. मग पुन्हा सभा. शलाकाबाई उभ्या राहोन म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी आठ-दहा हात मागं यायचं. बस्स. दोन्ही होतं."  मग नलिनीताई बोलल्या, "बाई गं, मोजणी कोणी मागितली? तू. आता भिंती आम्ही पाडायच्या?" दुसरा म्हणाला, "माझ्या भिंतीला बोअर लागून आहे." तिसरा म्हणाला, "आमची भिंत वडिलांनी बांधली, आता ते नाहीत, त्यांना विचारता येत नाही." मास्तर म्हणाले, "तत्त्वतः मी तयार आहे. पण एकट्यानं का? सगळ्यांनी पाडली तर मीही पाडीन." हे सर्वांस फार पटले. मग बावीस घरांनी मुख्याधिकाऱ्यांस बावीस पत्रे लिहिली, की बाकीच्या एकविसांनी भिंत पाडल्यास आम्ही आनंदाने पाडू. मुख्याधिकाऱ्यांनी बावीस पत्रे एके ठिकाणी शिवली, चष्मा काढिला, डोळे चोळले, आणि चष्मा पुन्हा घातला.

शलाकाबाईंस राहवेना. घरी येवोन सासऱ्यांस म्हणाल्या, "आप्पा, आपली भिंत आपण आधी पाडू. मग कोणाला बोलायला जागा राहणार नाही." आप्पा म्हणाले, "सूनबाई, ही न्हाणी तुझ्या लेकीसाठी बांधली." "आप्पा, भिंत बारा वर्षांपूर्वी सरकवली. जुई दहा महिन्यांची आहे." आप्पा बोलावयाचे थांबले ते आठ दिवस बोलले नाहीत, ताटाशी येत, पाट सरकावीत, मीठ पाहिजे जाहाल्यास मिठाकडे पाहात. बाईंनी गवंडी बोलाविला आणि एके सकाळी भिंत पाडली आणि न्हाणी पाडली आणि विटा रचोन ठेविल्या. मैदानास अर्धा गुंठा परत मिळाला. बाकी एकवीस घरांनी तो तमाशा गच्चीवरोन पाहिला. भटकी कुत्री आत येवो लागली, तंव बाई हातात काठी घेवोन लेकरापाशी बसत. नलिनीताई येवोन म्हणाल्या, "फार शिकलीस गं तू! आम्हाला चोर ठरवायला पाडलीस का?" आणि सोजरबाई उघड्यावर पाट मांडोन, आडोशास साडी बांधोन जुईस न्हाऊ घालीत, आणि म्हणत, "ताई, तुमी केलं ते बरूबर केलं. पण एक भिंत पाडून काय व्हतंय? आमचं घर साडेदा गुंठ्यानं मागं ऱ्हायलं."

पौषात निर्णय निघाला. त्याचे मथळ्यावर लिहिले होते की मोकळी जागा आणि घरबांधणी यांचा समतोल साधण्यात आला आहे. समतोल तो ऐसा: मैदान आहे तितके राखावे, बावीस भिंतींचा प्रश्न पुढे यथावकाश पाहावा, आणि चोवीस घरे हमरस्त्याने अकरा किलोमीटरांवर, बंद सूतगिरणीचे मागील माळावर बांधावी. मग मैदानास जाळीचे कुंपण जाहाले आणि फाटकास कुलूप लागले, किल्ली मास्तरांकडे, आणि फाटकावर पाटी की येथे खेळण्यास मनाई आहे. पोरे गल्लीत खेळो लागली. आणि वसाहतीने प्रजासत्ताक दिनी शलाकाबाईंचा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ देवोन, मैदान वाचविले म्हणोन. मास्तरांनी भाषणात त्यांस वसाहतीची वाघीण म्हटले. बाई शाल पांघरोन उभ्या, कडेवर जुई शालीचे टोक चोखीत, आणि सर्व टाळ्या वाजवीत, आणि बाईंचे तोंडास जो शब्द येत होता तो सभेत बोलण्याजोगा नव्हता.

माघात ओढ्याकाठच्या खोल्या पाडल्या. नवी घरे तयार नव्हती. जोती तेवढी उठली होती, म्हणोन मंडळी शेजारी पत्र्याचे शेडात ठेविली. सोजरबाई दोन टमटम बदलोन काही दिवस येत राहिल्या. दहाला येणारी बाई बाराला पोचे, पाणी निवोन जाई. एके दिवशी त्या म्हणाल्या, "उद्या न्हाई जमायचं, ताई," आणि त्यानंतर आल्या नाहीत. फोन लाविला तर बंद. शलाकाबाई चैत्रात जुईस घेवोन तिकडे जावोन आल्या. एकसारखी शेडे, कोणास क्रमांक नाही. एक म्हणाली त्या भाच्याकडे गेल्या, दुसरी म्हणाली आहेत की, मागच्या ओळीत. मागच्या ओळीची दारे लावलेली. ऊन चढले आणि पोर रडो लागले म्हणोन बाई दोन दारे वाजवोन माघारी आल्या, आणि तेव्हापासोन त्यांस सुख नाही.

तात्पर्य: मैदान राहिले आणि भिंती राहिल्या आणि मान राहिला, आणि राज्याचे दप्तरी सर्व प्रकरण मिटले. शलाकाबाईंची वाचणारांस विनंती इतकीच, की हमरस्त्याने जाणे जाहाल्यास बंद सूतगिरणीपाशी उतरोन मागच्या ओळीत सोजरबाईंची चौकशी करावी. हनुवटीवर हिरवे गोंदण, वय साठीपुढे, हातांस खोबरेल आणि वेखंडाचा वास. साखरेच्या आजाराच्या गोळ्या आहेत की संपल्या, पाणी किती लांबोन आणावे लागते, कोणी जवळ आहे की नाही, इतके पाहोन कळवावे. आणि दार वाजविल्यावर जरा थांबावे. त्यांचा उजवा गुडघा धरतो, उठावयास वेळ लागतो. लगेच उघडले नाही म्हणोन परत फिरो नये.