तांबडी गाय आणि जेप्केमेईची नडगी

माझ्या लेकीचं वागणं बघून डोकं फिरतं! केनियातल्या इटेनमध्ये, पळणाऱ्यांच्या गावात जन्मली, शाळेत असल्यापासून सगळ्यांच्या पुढे पळाली, आणि आता भर रस्त्यात चालते! म्हणजे थोडी पळते, मनगटावरचं घड्याळ वाजलं की चालते, पुन्हा वाजलं की पळते. आमच्याकडे सावकाश पळणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. पण पळायचे कपडे घालून चालायचं?

तिच्या नडगीचं हाड दोनदा तडकलंय. दुसऱ्यांदा तडकलं ते घाईमुळे. एल्डोरेटच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "घड्याळ लावून थोडं पळ, थोडं चाल. तिसऱ्यांदा तडकलं तर पळणं विसरायचं." मीही ते ऐकलं होतं, बहिरी नाही मी. पण मोटारसायकलवाला किबोर रोज गाडी थांबवायचा. "ताई, घरी सोडू का? पाय दुखतोय का?" आणि शेजारीण टाप्लेलेई, जिची पोरगी पोलिसांच्या संघात पळते, कुंपणावरून म्हणायची, "आता तिच्या लग्नाचं बघा हो!"

चुलीवर वाळक्या भोपळ्याचा तुंबा टांगलाय माझ्या. जिंकून आलेल्या लेकराच्या तोंडाला आईने त्यातलं विरजलेलं दूध लावायचं, ही आमची रीत. मी ताजं विरजत राहिले आणि घरातले पीत राहिले. जिंकून कुणी येईना.

शाळेत मी दोनच पावसाळे गेले, पण डोकं देवाने पुरतं दिलंय. लेकीच्या हातात तांबड्या गाईचं दावं दिलं.

"हे काय, आई?"

"गाय. गाय घेऊन चालणाऱ्या बाईला कोण हसतं? आणि पळालीस तर म्हणतील, गाय ओढतेय."

"व्यायामात असलं नसतं गं."

"अब्रूत असतं. धर!"

काही दिवस झकास गेले. किबोर गाडी थांबवेना, टाप्लेलेईची जीभ गप्प. मग एका सकाळी मी रबरी बूट चढवून, दुधाची कॅन घेऊन लेकीच्या आणि गाईच्या मागून निघाले. आपली अक्कल रस्त्यावर कशी शोभते ते बघायला नको?

तेवढ्यात चढावरून पळणाऱ्यांचा सकाळचा घोळका आला. लाल धूळ, एका तालात पडणारे पाय. शेवटी गाय इटेनचीच! कान टवकारले, शेपूट वर केलं, दाव्याला हिसडा दिला आणि घोळक्यात घुसली!

"मावशी, गाय कुठल्या शर्यतीला उतरवताय?" एकजण ओरडला. घोळका हसत वळणाआड गेला. गाय मात्र टाप्लेलेईच्या भाजीच्या वाफ्याकडे वळली.

"पळ!" मी किंचाळले. "जेप्केमेई, बघत काय राहिलीस? पळ!"

तिने ढांगा टाकल्या. किती दिवसांनी बघितल्या मी त्या ढांगा! हरणासारख्या. ऊर भरून आला माझा.

आणि ती थांबली. खाली वाकून नडगीवर हात ठेवला. मग सरळ उभी राहिली आणि गाईला जाऊ दिलं.

"पळ की गं!"

तिने नुसती मान हलवली. नाही म्हणून. मला, तिच्या आईला, भर रस्त्यात!

मग काय, कॅन टाकली आणि मीच पळाले. रबरी बुटांत! थोडी पळाले, दम लागला, चालले. पुन्हा पळाले, पुन्हा चालले. शेजारी मोटारसायकल थांबली.

"मावशी, घरी सोडू का?" किबोर अगदी काळजीने म्हणाला. "पाय दुखतोय का?"

त्याला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोचले तोवर गाईने भाजी भुईसपाट केली होती. टाप्लेलेई कमरेवर हात ठेवून उभी. तिचंही ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दावं धरून परतले तर लेक अंगणात दगडावर बसलेली. डोळे लाल.

"दुखतंय?"

"नाही. दुखेल असं वाटलं, म्हणून थांबले." नडगीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, पळावंसं मलाही वाटत होतं गं. तुझ्यापेक्षा जास्त."

मी गाय खुंट्याला बांधली. आत जाऊन चुलीवरचा तुंबा काढला, पुसला आणि बाहेर आणला. ती बघतच राहिली.

"हे कशाला? मी कुठे जिंकले?"

तुंबा तिच्या तोंडाला लावला आणि म्हटलं, "मी ओरडते ते सगळंच ऐकायचं नसतं. आज ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. पी मुकाट्याने. आणि उद्या गाय इथेच राहील. तू चालायला जा!"