आग्बेको सरांचा स्फोट

"उद्या दहा वाजता माझ्या वर्गात स्फोट होणार आहे!" सेलोर्म आग्बेको सरांनी हे इतक्या झोकात जाहीर केलं, की शिक्षक-खोलीत शेजारी बसलेल्या फ्रेंचच्या बाईंनी आपला कप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

होहोए गावच्या त्या शाळेत सर भौतिकशास्त्र शिकवायचे. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. जिल्ह्याच्या कचेरीतून ओसाफो साहेब तपासणीला येणार होते. त्यांना धडा आवडला, आणि मुख्याध्यापिका डोट्से मॅडमनी सही केली, की जागा सरांची!

"फळ्यावर तोफ काढायची, गोळा काढायचा आणि पोरांना झोपवायचं, हे धंदे आपले नाहीत," सर म्हणाले. "चाकं लावलेल्या दोन खुर्च्या घेतो. दोन मुलं समोरासमोर बसवतो. तळव्याला तळवा लावून एकमेकांना ढकलायचं, दोघं दोन दिशांना भुर्र! यालाच आम्ही स्फोट म्हणतो. आधी दोघं स्थिर, म्हणजे संवेग शून्य. नंतरही दोघांचा मिळून शून्यच. त्यामुळे दोघांचे वेग मोजले आणि एकाचं वजन माहीत असलं, की दुसऱ्याचं आपोआप निघतं. वजनकाटा हवाय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर 'दहा वाजता स्फोट' असं वाचून स्वयंपाकघरातल्या यावा मावशींनी गॅसची टाकी उचलून थेट आंब्याखाली नेऊन ठेवली, आणि आपण स्वतः काय होतंय ते बघायला वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दहा वाजले. साहेब आले, मॅडम आल्या. आली नाहीत ती खुर्चीत बसायची दोन मुलं. म्हणजे आली, पण लंगडत! आदल्या संध्याकाळी दोघांनी व्हरांड्यात सराव केला होता आणि दोघेही खुर्च्यांसकट फुलझाडांत जाऊन पडले होते.

"मग तुम्हीच बसा की, आग्बेको," ओसाफो साहेब म्हणाले. "समोर मॅडम आहेतच."

"विज्ञानासाठी काहीही!" म्हणत डोट्से मॅडम खुर्चीत बसल्यासुद्धा. उंच, भरदार बाई. हसल्या की फाटकावरचा पहारेकरी आपण होऊन सलाम ठोकायचा.

मग अडचण कसली? अडचण अशी, की आरोग्य सप्ताहात शिक्षक-खोलीत सगळ्यांच्या वजनांचा तक्ता लागला होता. काट्याचा सेल संपलेला, म्हणून ज्यानं त्यानं आपलं वजन प्रामाणिकपणे लिहायचं होतं. सरांनी प्रामाणिकपणे साठ लिहिलं होतं. मॅडमनी पंच्याहत्तर.

सरांनी फळ्यावर आपलं साठ लिहिलं. त्यापुढे लिहिलं, 'दुसऱ्या व्यक्तीचं वजन काढा.' तळव्याला तळवा लावला. आणि ढकलता ढकलता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आपण मुख्याध्यापिकेचं वजन भर वर्गात काढायला लावतोय! पण हात तोवर सुटले होते.

सर सुसाट मागं गेले आणि काचेच्या कपाटावर आदळून थांबले. मॅडम बंदरातून बोट निघावी तशा डौलात गेल्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरवर खडूच्या रेघा होत्या आणि घड्याळं घेतलेली पोरं.

"सर दोन सेकंद!"

"मॅडम तीन सेकंद!"

मकाफुई नावाची मुलगी उठली. आकडा दिसला की तिला दम निघत नसे. "अंतर सारखंच. म्हणजे सरांचा वेग मॅडमच्या दीडपट. म्हणजे मॅडमचं वजन सरांच्या दीडपट. साठ गुणिले दीड..."

"मकाफुई, बस खाली!"

"नव्वद!"

वर्गात टाचणी पडली असती तर तिचाही संवेग मोजता आला असता, इतकी शांतता!

"पंच्याहत्तर," मॅडम म्हणाल्या. "तक्त्यावर लिहिलंय. पंच्याहत्तर!"

"अरेच्चा!" साहेबांनी वही उघडली. "म्हणजे एकतर मॅडम चुकल्या, नाहीतर निसर्गाचा नियम."

"परीक्षेला काय लिहायचं, सर?" मागच्या बाकावरच्या एडेमनं विचारलं.

सरांनी मनात झटपट हिशेब मांडला. नियम सोडावा तर साहेब गेले, नियम धरावा तर मॅडम गेल्या! आणि त्याच क्षणी त्यांना ती भयंकर युक्ती सुचली.

"चूक माझी आहे!" सर ओरडले. "माझं वजन साठ नाहीच. पन्नास आहे! पन्नास गुणिले दीड, पंच्याहत्तर! झालं!"

मॅडमचा चेहरा खुलला. चाळीस पोरांची नजर मात्र सरांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर गेली. ते बिचारं केव्हापासून एका धाग्यावर लढत होतं.

"पन्नास?" साहेबांनी विचारलं.

"हाडं हलकी आहेत, साहेब. आमच्या घराण्यातच!"

"काटा आहे माझ्याकडे," दारातून यावा मावशी म्हणाल्या. "मक्याची पोती तोलायचा. आणते की!"

"राहू द्या, मावशी, पातेल्यातलं मक्याचं अक्प्ले करपेल!"

"खाली उतरवूनच आलेय. तुमच्या स्फोटाच्या भीतीनं!"

काटा आला. सर पोटात हवा ओढून, एक पाय जरा अलगद ठेवून उभे राहिले.

"दोन्ही पाय, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "मक्याचं पोतंसुद्धा अशी लबाडी करत नाही."

काटा बाहत्तरवर थांबला.

"एकशे आठ!" मकाफुई ओरडली आणि धावत जाऊन तिनं आकडा फळ्यावर लिहिलासुद्धा.

डोट्से मॅडम खुर्चीतून उठल्या. सावकाश चालत सरांसमोर आल्या. "आग्बेको सर, गणित बरोबर आहे का?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. पोरांच्या पेन्सिली हवेत थांबल्या होत्या. विभागप्रमुखाची खुर्ची आपल्यापासून दीडपट वेगानं लांब जाताना त्यांना स्पष्ट दिसत होती.

"बरोबर आहे, मॅडम," ते कसंबसं म्हणाले. "एकशे आठच."

मॅडमनी मकाफुईच्या हातातला खडू घेतला, एकशे आठखाली ठसठशीत रेघ मारली आणि वर्गाकडे वळल्या. "मुलीनं उत्तर बरोबर काढलंय. टाळ्या काय मी एकटीनं वाजवायच्या?"

आणि मग खरा स्फोट झाला! बाकं दणाणली. ओसाफो साहेब हसून हसून डोळे पुसू लागले. "गेल्या दहा वर्षांत या धड्याला एक पोर जागं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी तिथंच कागदावर सही केली. मॅडमनीही केली.

सर जमिनीपासून चार बोटं वर चालत बाहेर पडले. तेवढ्यात मागून मॅडमची हाक आली.

"विभागप्रमुख! तक्त्यावर मी लिहिलंय ते आता मला खरं करून दाखवायचंय. तुमचंही साठ आहेच की तिथं. शनिवारपासून पहाटे टेकडीवर चालायला जाऊ. मी माझ्या चालीनं चालणार, तुम्ही माझ्या दीडपट. नियम तुमचाच ना?"

शनिवारी सर नव्या बुटांत आले. चार पावलं दिमाखात पुढे पळाले. पहिल्याच चढावर मात्र ते कमरेवर हात ठेवून एका दगडावर टेकले, आणि डोट्से मॅडम त्यांना ओलांडून पुढे निघून गेल्या. गाणं गुणगुणत!