नानांचं एका ताटातलं भरीत

धुळ्याला आमच्या गल्लीत कुणाचंही भांडण झालं, की शेजारचे नाना दारात काटक्या पेटवून वांगी भाजायला बसतात. मग दोघा भांडखोरांना समोरासमोर बसवून एकाच ताटात भरीत वाढतात. "खा आधी! बठ्ठा आपलाच शेतस!" सगळे आपलेच आहेत, हे त्यांचं अहिराणीतलं ठरलेलं वाक्य. तिखटानं दोघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं की भांडण निम्मं मिटतं. एकदा मीही त्या ताटावर बसलोय. भांडण कशावरून होतं कोण जाणे, भरीत मात्र अजून आठवतं.

अशा माणसाला साखर निघाली! अंगावर मूठभर मांस नाही, गोडाला हात लावत नाहीत. तरी गल्ली म्हणे, नाना चोरून जिलेबी खातात. काही वर्षं गोळ्यांवर निभावलं, मग गोळ्याही लागू पडेनात. शेवटी मीच त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "नाना, जिलेबीचा काही दोष नाही. शरीराचे पहारेकरीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलेत. लहान मुलांत हे बहुधा झपाट्यानं होतं, तुमच्यात सावकाश चाललंय. आता इन्सुलिन टोचावं लागेल."

"पहारेकरी आपलेच?"

"आपलेच."

"मग सावकाश का मारतात?"

"प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वेगळी वागते. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

नाना गोंधळले. मी तर केव्हाचाच गोंधळलो होतो.

"आपलेच आहेत तर सुई कशाला? समजूत काढू की!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ते ऐकणाऱ्यातले नाहीत, नाना. घरात आणखी कुणाला साखर आहे?"

नाना चपलेकडे बघत म्हणाले, "एरंडोलला धाकटा भाऊ आहे. माझ्यासारखाच काडी. त्यालाही गोळ्या लागू पडत नाहीत, असं कानावर येतं."

"त्यांनाही हेच असू शकतं. लवकर तपासून घ्यायला सांगा."

"वाटणी झाल्यापासून बोलणं नाही आमचं."

घ्या! अख्ख्या गल्लीला एका ताटात जेववणारा माणूस! मला रागच आला. "नाना, त्याच्या जिवाशी खेळ आहे. तुम्ही नाही तर कोण सांगणार?"

घरी येऊन नानांनी निमूट सुई टोचून घेतली. मग पहारेकरी, पेशी, तपासणी, सगळं माझ्यासमोर घोकलं आणि फोन लावला.

पलीकडून "कोण?" आलं. नाना सगळं विसरले.

"जेवना का रे, भाऊ?" जेवलास का, एवढंच विचारलं, आणि भरीत न खाताच त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.