लांजेवार काकाजींचा पंखा

लांजेवार काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. नमस्कार, पाणी, खुर्ची हे सगळं नंतर. छताचा पंखा बंद असेल तर पात्यांचा कल नजरेने मोजतात, चालू असेल तर कान लावतात आणि सांगतात, "एक पातं झुकलं हाय याचं." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, छताला ओल आली की काय.

काकाजी माझे शेजारी. भिलाईच्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते, म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना कोरायचा. निवृत्तीनंतर त्यांनी विमान बनवायला घेतलं. खरंखुरं, दोन माणसांचं. मरोद्याच्या पुढे एका ओळखीच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं आहे. उडवायच्या परवानगीचे कागद कुठल्यातरी टेबलावर आहेत, तोवर ते शेताशेजारच्या पडीक जमिनीवर इकडून तिकडे चालतं.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे काकाजींचे हिशेब तपासणं माझ्याकडे आलं आणि दोन वर्षं एकाच प्रश्नापाशी अडून बसलं. विमानाला पंखा कुठला लावायचा?

"स्क्रू पाहा मॅडम," ते म्हणाले. "बारीक आट्याचा स्क्रू एका फेऱ्यात थोडासाच आत जाते, पण जोर कमी लागते. मोठ्या आट्याचा झपकन जाते, पण हात भरून येते. विमानाचा पंखा म्हणजे हवेतला स्क्रूच."

बारीक आट्याचा पंखा जमिनीवरून उचलायला चांगला, मोठ्या आट्याचा वर गेल्यावर लांब धावायला. मोठ्या विमानांत म्हणे पात्यांचा कल उडताना बदलता येतो. काकाजींचा पंखा अखंड लाकडी. एकदा कोरला की कोरला.

काकाजींनी दोन्ही कोरले. मग त्यांना सगळं जगच या दोन जातींत दिसू लागलं. आमच्या प्रिन्सिपलना एकदाच भेटले आणि म्हणाले, "बारीक आट्याचे आहेत. उठतानी लय जोर, मंग दम नाही." मला म्हणाले, "तुम्ही मोठ्या आट्याच्या. चालू व्हाले टाइम लावता." मी विचारलं, "आणि काकू?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिचा कल बदलत राह्यते."

रविवारी मी त्यांच्याबरोबर शेतावर जायची. विमानाची शेपटी दोराने कडुलिंबाला बांधलेली, मध्ये सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून आणलेला मोठा स्प्रिंगचा काटा. इंजिन पूर्ण जोरात चालवायचं आणि पंखा किती किलोने ओढतो ते मी वाचायचं. मग सहा बोल्ट काढायचे, दुसरा पंखा चढवायचा, पुन्हा वाचायचं. वाऱ्याने माझी ओढणी दोनदा बांधावरच्या बाभळीत गेली. दोन्ही पंखे आपापल्या जागी उत्तम होते आणि काकाजी ठरवत नव्हते.

"लग्नाले एका दिवसात हो म्हणलं यायनं," काकू मला म्हणाल्या. "अन् पंख्याले दोन वर्सं झाले."

एका रविवारी काटा वाचता वाचता मी म्हटलं, "काकाजी, नुसती ओढ मोजून काय होणार? उचलायचं किती, ते लिहून द्या."

त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं. विमान, पेट्रोल, स्वतः एकसष्ट किलो. खाली आणखी एक आकडा होता, अठ्ठ्याऐंशी.

"हे कोण?"

"धरून चालाचं," ते म्हणाले आणि पाना घेऊन इंजिनाकडे वळले.

काकू पन्नास किलोच्या वर नाहीत. मूलबाळ नाही. संध्याकाळी मी काकूंनाच विचारलं.

"वामन," त्या म्हणाल्या. "यायचा लहान भाऊ. चरोद्याले राह्यते, रेल्वेत आहे. विमान दोघायनंच चालू केलं होतं."

मग काय झालं ते त्यांनी तांदूळ निवडत सांगितलं. पहिला पंखा वामनभाऊ कोरत होते. एक पातं जरासं जाड राहिलं. काकाजींनी चार लोकांसमोर तो पंखा हातात घेतला आणि म्हणाले, "राहू दे. तुह्या हातात माप नाही." वामनभाऊंनी रंधा खाली ठेवला, हात पुसले आणि गेले. त्याला आठ वर्षं झाली. मध्ये एका लग्नात दोघे एकाच मांडवात जेवले, वेगवेगळ्या पंगतीत.

दुसऱ्या दिवशी काकाजी वही घ्यायला आले. वर न बघता बसले.

"अठ्ठ्याऐंशी कशावरून?" मी विचारलं.

"लग्नात पाह्यलं ना दुरून. पोट सुटलं त्याचं. तेवढा असन."

"एकट्याने जायचं असेल तर मोठ्या आट्याचा लावा, आजच लावा. दोघांना उचलायचं असेल तर बारीक आट्याचा. पण दुरून पाहिलेलं वजन मी गणितात घेणार नाही. विचारून या."

"काहून येईन तो?"

"ते गणितात नाही, काकाजी."

त्यांनी वहीचा कोपरा दुमडला. मग उठून गेले. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी फाटकातच होते. काकाजी आले. स्कूटर बंद केली, पण उतरले नाहीत.

"ब्याण्णव," ते म्हणाले.

"वजन केलं?"

"मी दारात उभा राह्यलो. काय बोलाव समजेना, तर म्हणलं, वामन, तुहं वजन किती हाय? त्यानं शर्ट घातला, अन् चाल म्हणे. नाक्यावरच्या किराण्याच्या काट्यावर नेलं मले."

"कशाला हवंय, विचारलं नाही?"

"नाही." काकाजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "काट्यावर चढाच्या आधी चपला काढून राह्यला होता. मी म्हणलं, राहू दे, चपलेनं काय फरक पडते. तर म्हणे, नाही भाऊ, तुले बरोबर माप पाहिजे."