रविवारचं पेलाभर दूध

आप्पा राऊत कोणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी विचारतात, "संडास कुठे?" लग्नात विचारतात, बारशाला विचारतात. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ वारले तेव्हा त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आप्पा म्हणाले, "फार वाईट झालं रे. संडास आत आहे की पॅसेजमध्ये?" त्या मुलानं रडता रडता बोट दाखवलं. आप्पा गेले मात्र नाहीत. त्यांना दर वेळी जायचं असतंच असं नाही. ठिकाण माहीत असलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहतो.

माझी त्यांची ओळखही त्याच विषयातून झाली. नालासोपारा पश्चिमेला आमचा गट सार्वजनिक शौचालयांसाठी पत्रकं वाटत होता. एका म्हाताऱ्यानं पत्रक घेतलं, कट्ट्यावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि मला हाक मारली. "ए पोरी, इकडे ये. सहा लिहिलंयस. चालू चारच आहेत. एकाची किल्ली पानवाल्याकडे असते, तो दुपारी झोपतो. दुसऱ्याला ज्यानं कुलूप घातलं त्या माणसाची बदली झाली, किल्ली त्याच्याबरोबर गेली."

मी दोन्ही ठिकाणी जाऊन पाहिलं. खरं होतं. आम्ही सर्वेक्षण केलं होतं म्हणे! लाखो माणसांच्या या शहरात कुठलं दार उघडं आहे, ते पालिकेला माहीत नाही, आम्हाला माहीत नाही, आणि एका निवृत्त आवक-जावक कारकुनाला तोंडपाठ आहे. का, तर त्याच्यावर वेळ येते. ज्यांच्यावर येत नाही ते फिती कापतात.

आप्पांना आयबीएस आहे, म्हणजे चिडक्या आतड्याचा विकार. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट स्वच्छ आले, आतडं दिसायला धडधाकट आहे. वागायला मात्र लहरी. कधी तीन दिवस संप, कधी एका सकाळी पाच खेपा. पोटाला ते "साहेब" म्हणतात. चहा पुढे केला की पोटावर हात ठेवून थांबतात. "साहेबांचा शेरा येऊ दे." मग एकतर "मंजूर", नाहीतर "फाईल परत". लोक हसतात. मीही हसायचे. हसणाऱ्यांतल्या कोणाला गर्दीच्या बाजारात कपाळावर घाम येऊन उभं राहावं लागत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. "दूध चालतं का?" डॉक्टरला विचारत, केमिस्टला विचारत, रिक्षावाल्याला विचारत. एका डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "बंद करा." वैद्यांनी सांगितलं, ताक प्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दूध तूप घालून घ्या, आतडं मऊ होतं. मोबाइलवर एक गुरुजी गायीचं चालतं, म्हशीचं नाही, असं छातीठोक सांगत होते. आप्पा प्रत्येकाला शेवटी विचारत, "लेखी आहे का?" कोणाकडेच नसायचं. छत्तीस वर्षं कागदांवर नोकरी केलेला माणूस. तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वासच नाही.

लेखी मी दिलं.

कामणच्या गोदामांत काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही आरोग्याचं पत्रक काढलं. बारा तासांची पाळी, शेडमध्ये एक संडास, पोटाच्या तक्रारी घरोघर. लिहिलं मी. पत्रकात "कदाचित" लिहायचं नाही, लोक वाचत नाहीत, हे मला शिकवलेलं. म्हणून आयबीएसच्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं, "दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण बंद!" कोणा जाणकाराला दाखवलं नाही. उद्गारचिन्हही माझंच. एक प्रत आप्पांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "आलं एकदाचं लेखी." मला वाटलं, खूश झाले.

चार महिन्यांनी त्यांच्या घरी गेले, तर पत्रक लॅमिनेट करून फ्रिजवर लावलेलं. आप्पा खिडकीशी बसले होते. रविवार होता. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात एकटेच. मी विचारलं, "फरक पडला का?"

"थोडा. आधी रविवारी त्रास व्हायचा. आता मंगळवारी होतो."

"रविवारीच का व्हायचा?"

तेव्हा कळलं. निर्मळच्या अलीकडे वाडीत त्यांची थोरली बहीण राहते, आक्का. आई गेली तेव्हा आप्पा चार वर्षांचे, आक्का चौदाची. तिनं म्हशीच्या दुधावर यांना वाढवलं. लग्न केलं नाही. दर रविवारी आप्पा तिच्याकडे जायचे, ती पितळी पेला भरून निरसं दूध तापवून द्यायची, आणि यांनी तो संपवून पालथा करून दाखवायचा. पेल्याचा शिरस्ता साठ वर्षांचा.

"मग आता?"

"आता जात नाही."

"दूध नको म्हणून सांगा की! त्यात काय एवढं?"

"तिला काय सांगू? ज्यावर तू वाढवलंस तेच सोसत नाही म्हणून सांगू?" मग फ्रिजकडे बघून म्हणाले, "लेखी आहे ना आता."

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं दारोदार विचारत होता, ते कोणीतरी "चालतं" म्हणावं म्हणून. आणि मी चार शब्द छापून ते दार बंद केलं. गोदामाच्या मालकांवर मी इतकी ओरडते, त्या दिवशी ओरडायचं तर माझ्यावरच होतं. पत्रक ओढून काढलं. कोपरा चिकटून राहिला.

मी त्यांना वसईत एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी निवांत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, आयबीएस आहे म्हणून दूध बंद, असा सरसकट नियम नाही. दुधातली साखर काहींना पचत नाही, काहींना थोडी पचते, काहींना काहीच होत नाही. तुमचं तुम्हाला तपासावं लागेल. चार महिने बंद ठेवलंत, आता थोडं थोडं सुरू करा. एका वेळी एकच पदार्थ. लिहून ठेवा. दही बऱ्याच जणांना सोसतं. साखर काढलेलं दूधही मिळतं. मात्र वजन उतरलं किंवा रक्त दिसलं तर लगेच या."

आप्पांनी विचारलं, "हे लेखी मिळेल?" बाईंनी चक्क लिहून दिलं.

मग आप्पांचा तक्ता सुरू झाला. तारीख, पदार्थ, प्रमाण, साहेबांचा शेरा. दोन चमचे दही: मंजूर. वाटीभर दही: मंजूर. चहातलं दूध: मंजूर, अटींसह. अर्धा पेला दूध: फाईल परत, तीन वेळा. एकदा पुन्हा करून पाहिलं. तीच फाईल, चार वेळा. निकाल स्पष्ट होता. दही चालतं, पेलाभर दूध चालत नाही.

"झालं तर!" मी म्हटलं. "आक्कांना सांगू, दूध नको, दही द्या. दही म्हणजे दूधच की."

पुढच्या रविवारी मी बरोबर गेले. केळीच्या बागेतून वाट, ओट्यावर पांढऱ्या पातळातली वाकलेली बाई, मांडीत सूप, सुपात वालाच्या शेंगा. दिसायचं त्यांना कमीच झालेलं.

"कोन?"

"मी गं, आक्का."

त्या शेंग सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठवन झाली का?"

आप्पांनी गोठ्याकडे पाहिलं. दावं खुंटीला टांगलेलं, जमीन कोरडी.

"म्हस?"

"दिली. कोन पिनार होतं दूध?" त्या भिंतीला धरून उठल्या. "बस. पिशवीचं हाय, तापवते."

मी आप्पांना कोपरानं ढोसलं. आता सांगा. ते ओट्याच्या कडेला टेकले. पितळी पेला आला, काठोकाठ, वर साय धरलेली. मी म्हटलं, "आक्का, आप्पांना दूध..."

"गप गं," आप्पा म्हणाले, आणि एका दमात प्यायले. पेला पालथा केला. आक्कांनी बोटानं त्याचा काठ चाचपला आणि पुन्हा सूप ओढून बसल्या.

अर्ध्या तासात आप्पा पांढरे पडले. कुठे जायचं ते इथे विचारावं लागलं नाही. गोठ्यामागे गेले, पत्र्याचं दार वाजलं. मी धुमसत बसले होते. शेवटी राहवलं नाही. "आक्का, तुम्हाला सांगायलाच हवं. दुधानं त्यांना त्रास होतो. फार."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "लगीन झालं त्याचं, तेव्हापासनं ठाव हाय."

"मग देता कशाला?"

शेंगेतला दाणा त्यांनी अंगठ्यानं काढला, सुपात टाकला. "नुसता चहा दिला ना, तर दहा मिन्टांत उठतो तो. काम हाय म्हनतो. दूध दिलं की दिवे लागेपर्यंत जात नाय. जाताच येत नाय त्याला." पुढची शेंग उचलून म्हणाल्या, "पाप हाय. पन बसतो."

दर रविवारचे ते चार-पाच तास. एकानं पोट धरून काढलेले, दुसरीनं शेंगा सोलून. दोघांनीही खरं काय ते एकमेकांना कधी सांगितलं नाही. पाचला माझी बैठक होती. मी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या.

थोड्या वेळानं आक्कांनी मान वर केली, गोठ्याच्या दिशेनं तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, "हायस का रे?"

पत्र्यामागून दमलेला आवाज आला. "आहे गं. आहे."